परसबागेचे प्रयोजन

मृग नक्षत्र लागले की शहरांच्या वेशीवरील रोपवाटिकांत एकच गर्दी उसळते. मोगरा, जास्वंद, कलमी गुलाब यांच्या हातगाड्या गल्लीबोळांतून फिरू लागतात आणि ज्याच्या घरापुढे चार हात जागा आहे, अशा प्रत्येकाला बाग करण्याची हुक्की येते. ऑक्टोबरच्या उन्हात यांपैकी कितीतरी रोपे माना टाकतात. जी तग धरतात त्यांची परीक्षा पुढे मे महिन्यात होते. मग पुन्हा मृग येतो, पुन्हा हातगाड्या येतात आणि त्याच खड्ड्यांत नवी रोपे जातात. दोष मातीला दिला जातो, पाण्याला दिला जातो, रोपे विकणाऱ्याला तर हमखास दिला जातो. पण बाग का फसते, याचे खरे उत्तर बहुधा खड्डा खणण्यापूर्वीच सापडण्यासारखे असते.

गेल्या वर्षी याच दिवसांत एका परिचित गृहस्थांनी मला मुद्दाम घरी बोलाविले. सरकारी कचेरीतून लिपिक म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. आयुष्यभराच्या बचतीतून गावाबाहेर दीड गुंठ्याच्या तुकड्यावर त्यांनी लहानसे घर बांधले होते आणि घर वजा जाता गुंठाभर जागा मोकळी होती. ‘‘सर, काय काय लावू तेवढे सांगा,’’ ते म्हणाले. मी विचारले, ‘‘बाग कशासाठी हवी आहे?’’ या प्रश्नाने ते थोडे गोंधळले. मग म्हणाले, संध्याकाळी खुर्ची टाकून बसावे अशी हिरवळ असावी. त्यांच्या पत्नीला देवपूजेची फुले आणि कढीपत्ता हवा होता. मुलाचे म्हणणे, रस्त्यावरून घर उठून दिसले पाहिजे. नातवाने पेरूचे झाड मागितले. एका गुंठ्यात चार बागा उभ्या राहावयाच्या होत्या, आणि त्यांतली कोणती करावयाची याचा विचार त्या घरात कोणी केलेला नव्हता.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत. कविता कशासाठी लिहावयाची, असा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी विचारला आणि तो शतकानुशतके चर्चिला. ज्या बागेसाठी पैसा, पाणी आणि पाठीचा कणा खर्ची पडतो, तिचे प्रयोजन मात्र आपण विचारीत नाही. ‘काय लावू’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘कशासाठी’ हाच होय.

परसाचे जुने शास्त्र

आपल्या जुन्या घरांना हा प्रश्न पडत नसे, कारण त्याचे उत्तर घराच्या रचनेतच होते. पुढे अंगण व तुळशीवृंदावन, मागे परस. परसात मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू, कारण त्यांना सदैव ओल हवी. विहिरीच्या कडेला नारळ किंवा लिंबू. कुंपणाला मेंदी आणि अडुळसा, कारण त्यांना गुरे तोंड लावीत नाहीत. दाराशी पारिजातक आणि जास्वंद, कारण पहाटे पूजेला फुले हवीत. एका कोपऱ्यात गवती चहा, दुसऱ्या कोपऱ्यात उकिरड्यापाशी आपोआप उगवलेला भोपळ्याचा वेल. यात कोठेही नकाशा नव्हता, परंतु प्रत्येक झाडाला आपल्या जागी असण्याचे कारण होते.

गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील कुळागर हे याच विचाराचे विस्तृत रूप. नारळ व पोफळी वर, पोफळीच्या अंगावर मिरीचा वेल, मधल्या थरात केळी व जायफळ, पायाशी अननस आणि हळद, आणि या सर्वांमधून पाटाने खेळविलेले झऱ्याचे पाणी. एकाच उन्हाचा आणि एकाच पाण्याचा तीन-चार थरांत उपयोग करून घेण्याची ही पद्धत शेतीच्या पाठ्यपुस्तकांहून कितीतरी जुनी आहे.

तथापि जुन्या परसाचे चित्र रंगविताना त्यावर नुसता गुलाल उधळून भागणार नाही. ‘परसाकडे जाणे’ हा वाक्प्रचार भाषेत उगाच राहिलेला नाही. परसात आणखी काय असे, याची तो आठवण देतो. मोरीचे पाणी साचून डास होत, आणि हत्तीरोगासारखे विकार अशाच साचलेल्या घाण पाण्यातील डासांनी पसरविले. शिवाय त्या केळीला घागरीने पाणी घालणारी, शेण-पाचोळा डोक्यावरून वाहणारी, सकाळी उठून परस झाडणारी घरातील स्त्री होती, आणि तिच्या श्रमाची नोंद कोणी ठेवली नाही. गटारे बंदिस्त झाली, घरात नळ आला, हे चांगलेच झाले. जुन्या परसाकडून घ्यावयाचा तो त्याचा न्याय: घरातून जे बाहेर पडते त्यावर झाड जगावे आणि झाडाने जे द्यावे ते घरात परत यावे.

हिरवळीचा हिशेब

परसाची जागा बंगल्याच्या बागेने घेतली, ती साहेबाच्या आमदानीत. परस घराच्या पाठीशी असे, ही बाग घराच्या तोंडाशी आली. परस घरच्यांसाठी होता, बाग येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी झाली. सौंदर्य हेही एक प्रयोजन आहे, आणि ते हलके नाही. दिवसभर आकडेमोड करून थकलेल्या माणसाला संध्याकाळी चार फुले पाहावीशी वाटली, तर त्याला उपयुक्ततेचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न किमतीचा आहे, आणि ती किंमत आपण मोजून पाहात नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. मे महिन्याच्या उन्हात दर चौरस मीटर हिरवळीतून रोज पाच ते सात लिटर पाणी हवेत उडून जाते. हिशेबाला सहा लिटर धरू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर हिरवळ जिवंत ठेवावयाची तर रोज ६०० लिटर पाणी हवे. शहरांच्या पाणीपुरवठा योजना आखताना दर माणशी दर दिवशी १३५ लिटर हे प्रमाण धरतात. पाच माणसांच्या कुटुंबाचे होतात ६७५ लिटर. याचा अर्थ असा की, एका गुंठ्याची हिरवळ एका कुटुंबाच्या पिण्याच्या, स्वयंपाकाच्या, आंघोळीच्या आणि धुण्याच्या एकूण पाण्याइतके पाणी पिते. ज्या राज्यात दर उन्हाळ्यात शेकडो खेड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा शौक केवळ खाजगी राहात नाही. विंधनविहीर स्वतःच्या आवारात असली तरी तिच्यातील पाणी आवाराच्या भिंतीपाशी थांबत नाही; शेजाऱ्याच्या आडात असते तेच पाणी आपल्या पंपातून वर येत असते.

याच्या उलट टोकाला अलीकडे दुसरी रीत रूढ होऊ लागली आहे. बागेची कटकटच नको, म्हणून सारे आवार फरशीने आणि सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढवून टाकावयाचे. मग पावसाचे पाणी मुरत नाही, ते रस्त्यावर लोटते. उन्हात फरशी तापते आणि रात्री ती घरालाच भाजून काढते. वरकरणी या दोन्ही रीती परस्परविरोधी दिसल्या, तरी ‘जागा कशासाठी’ हा प्रश्न टाळण्याच्या बाबतीत त्या सारख्याच आहेत.

स्वावलंबनाचे मृगजळ

येथे कोणी म्हणेल की, मग फुलझाडे काढून भाजी लावावी, म्हणजे घरची भाजी घरात होईल. हा विचार वारंवार डोके वर काढतो, आणि त्याला मोठ्या माणसांचा पाठिंबा लाभला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ नंतर, आपल्याकडे ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. अमेरिकेत त्याच सुमारास घरोघरी ‘विजय-बागा’ झाल्या. १९४३-४४ मध्ये त्यांची संख्या दोन कोटींच्या घरात गेली आणि देशातील ताज्या भाजीपाल्याचा सुमारे ४० टक्के वाटा त्यांनी उचलला, असा तेथील अंदाज आहे. १९६५ मध्ये अन्नधान्याची टंचाई असताना पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला. या साऱ्यांमागे राष्ट्रीय संकट होते आणि त्या संकटाने प्रयोजन पुरविले होते. संकट सरताच अमेरिकेतील बहुसंख्य विजय-बागा ओस पडल्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. उसने घेतलेले प्रयोजन फार दिवस पुरत नाही.

शिवाय आकडेही आडवे येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांना दिवसाला दोन किलो, म्हणजे वर्षाला ७३० किलो. आता सर्वसामान्य घराला परवडेल अशी दहा चौरस मीटरची जागा घेतली, तर एका हंगामात चौरस मीटरला दोन किलो या हिशेबाने वीस किलो, आणि वर्षात तीन हंगाम साधले तरी साठ किलो भाजी हाती येईल. ती कुटुंबाला महिनाभर पुरेल. उरलेले अकरा महिने मंडईची वाट चुकत नाही. स्वावलंबनाच्या आशेने सुरू केलेली बाग दुसऱ्या वर्षी सोडून दिली जाते, ती आळसामुळे नव्हे. तिने कधीच न दिलेले वचन आपण तिच्या गळ्यात घातलेले असते म्हणून.

तीन प्रयोजने

मग परसबागेने करावयाचे तरी काय? माझ्या मते तिची प्रयोजने तीन, आणि तिन्ही तिच्या आवाक्यातील आहेत.

पहिले असे की, बाजार जे देऊ शकत नाही ते तिने द्यावे. बाजार पाटी भरून देतो, परस मूठभर देतो. फोडणी तडतडत असताना चार पाने कढीपत्ता, आमटीवर टाकावयास चिमूटभर कोथिंबीर, खोकला झाला तर अडुळशाची पाने, पावसाळ्यात फदफद्यापुरता अळू, शेवग्याचा कोवळा पाला: या वस्तू किलोने लागत नाहीत, ताज्या लागतात. शेवग्याच्या पाल्यात चुना, लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूलद्रव्य विपुल असते, पण बाजारात तो क्वचितच मिळतो, कारण तोडल्यापासून काही तासांतच तो मलूल होतो. एक शेवगा आणि एक पपई ज्या घराच्या मागे आहे, त्या घरातील मुलांच्या ताटात जे पडते, ते मोठ्या पगाराच्या घरातही नेहमी पडतेच असे नाही.

बाजार आणखी एक वस्तू देत नाही, ती म्हणजे आपल्या मातीतले बियाणे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात यांची गावठी वाणे जपली, ती परसात आणि शेताच्या बांधावर. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंच्या घरी देशी बियाण्यांची पेढी उभी राहिली आणि २०२० मध्ये ‘पद्मश्री’च्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आले. किती किलो उत्पन्न झाले, या मापाने त्यांचा परस मोजला असता तर तो नापास झाला असता. त्याचे काम बी वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्याचे होते, आणि ते त्याने केले.

दुसरे प्रयोजन, घर जे टाकते ते जिरविण्याचे. भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा, निर्माल्य, झाडांचा पाला हे सर्व गाडीत भरून शहराबाहेरच्या डोंगरावर नेऊन टाकावयाचे, आणि घरच्या कुंडीसाठी खताची पिशवी विकत आणावयाची, यासारखा उफराटा व्यवहार नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून हीच गोष्ट शेतकऱ्यांना व शहरवासीयांना समजावून दिली. पालापाचोळा कुजवून माती घरच्या घरी घडविता येते, आणि ऊन व पाणी यांचा हिशेब ठेवला तर थोड्या जागेतही पुष्कळ साधते, हे त्यांचे सांगणे होते. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातीलच ओला कचरा जिरवून, या शतकाच्या आरंभी फळझाडे व भाज्या उभ्या राहिल्या, त्या या विचारातूनच.

तिसरे प्रयोजन शिक्षणाचे. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते, पपई वर्षाच्या आतबाहेर फळते, आंब्याचे कलम चार-पाच वर्षे थांबावयास लावते, उंच जातीचा नारळ सहा-सात. कळ दाबताच सर्व काही समोर हजर होण्याची सवय लागलेल्या पिढीला थांबणे शिकविणारा दुसरा गुरू मला तरी दिसत नाही. कीड पडली, पाऊस चुकला, फूल गळाले, तर रागवावयाचे कोणावर? मुलाला स्वतःची चूक आणि निसर्गाची लहर यांतील फरक परसात जितका लवकर कळतो, तितका पुस्तकात कळत नाही.

माप कशाने ठरवावे?

प्रयोजन ठरले की माप आपोआप ठरते. बागेचे माप टेपाने घेऊ नये, मोरीवर घ्यावे. भाज्या, तांदूळ व डाळी धुतलेले आणि भांडी विसळलेले असे पन्नास-साठ लिटर पाणी सामान्य घरातून रोज निघते. मघाच्या हिशेबाने त्यावर भर उन्हाळ्यात दहा चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांचा वाफा जगतो. पाचोळ्याचे आच्छादन दिले तर त्याहून थोडा अधिक. नळाचा एक थेंबही वेगळा न घेता मे महिना पार पाडता येईल, तेवढीच आपली बाग. उरलेल्या जागेत कडुनिंब, शेवगा, सीताफळ अशी एकदा रुजली की फारसे पाणी न मागणारी झाडे असावीत, किंवा ती मोकळ्या मातीची राहावी. एक सावधगिरी मात्र हवी. पूर्वी भांडी राखेने घासत, आता साबणाने घासतात. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये, ते केळी-कर्दळीकडे वळवावे, आणि ते साचू देऊ नये.

दुसरे माप श्रमाचे. बाग कोण करणार, हे आरंभीच स्पष्ट असावे. बागेची हौस एकाची आणि पाणी घालणे दुसरीकडे, असे होऊ लागले तर ती बाग नव्हे, वेठबिगार होय. घरातील प्रत्येकाने दिवसाची पंधरा मिनिटे दिली तर शंभर फुटांच्या वाफ्याला तेवढे पुरते.

शाळांच्या बाबतीत तर हा विचार अधिकच अगत्याचा आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आपल्या राज्यातही शाळाशाळांतून परसबागा होत आहेत. उपक्रम चांगला आहे. परंतु पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी कुंड्या मांडून छायाचित्र काढले, अहवाल पाठविला आणि फाइल बंद झाली, असे जेथे घडते तेथे मुले काही शिकतच असतात. मात्र ते बागकाम नसते. शाळेची बाग शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे असावी. जूनमध्ये पेरावे, मार्चपर्यंत खावे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत पाण्यावाचून निभावतील अशीच झाडे कायमची लावावीत. दुपारच्या खिचडीत पडलेली मूठभर मेथी आपण पेरलेली आहे, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला त्या बागेचे प्रयोजन वेगळे सांगावे लागत नाही.

ज्यांच्याजवळ जागाच नाही, अशा चाळीतील व सदनिकेतील वाचकांना हा विचार गैरलागू वाटू नये. खिडकीतील एका डब्यातही कढीपत्ता येतो, चहाचा चोथा जिरतो आणि मुलाला थांबावे लागते. तिन्ही प्रयोजने तेथेही पुरी होतात.

त्या निवृत्त गृहस्थांच्या घरी त्या दिवशी आम्ही एकही झाड ठरविले नाही. चौघांनी बसून एका कागदावर, बाग कशासाठी, एवढेच लिहावे असे सांगून मी उठलो. परवा, मे महिना सरता सरता, पुन्हा जाण्याचा योग आला. हिरवळ कोठे दिसली नाही. मागच्या बाजूला पाचोळ्याने झाकलेला एक वाफा होता, मोरीशी केळीचा लोंगर लटकत होता, दाराशी जास्वंद फुलली होती. पेरूला अजून फळ नव्हते, पण नातू रोज त्याची पाने मोजतो असे आजी म्हणाल्या. पुढची बरीचशी जागा मोकळीच होती आणि तीत एक कडुनिंब कमरेइतका वाढला होता. ‘‘सावली पडायला अजून पाच-सहा वर्षे जातील,’’ गृहस्थ म्हणाले, ‘‘तोवर खुर्ची ओसरीतच टाकतो.’’